सेक्शनला पास, ब्लॉटला नापास: ५-एचटी२ए अँटिबॉडीचा वापरानंतरचा अनुभव

ही अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटून ते कुठे आहे हे दाखवणारं प्रथिन, सशात बनवलेली पॉलिक्लोनल (अनेक अँटिबॉडींचं मिश्रण) आहे; ५-एचटी२ए या सेरोटोनिनच्या रिसेप्टरच्या एन-टोकाकडच्या (सुरुवातीच्या टोकाकडच्या) पेप्टाइडविरुद्ध, म्हणजे छोट्या तुकड्याविरुद्ध. शंभर मायक्रोलिटरला चाळीस हजारांच्या पुढे मोजले. वर्षभर वापरली, दोन लॉट (उत्पादनाच्या खेपा) पाहिले. कंपनीचं आणि डिस्ट्रिब्यूटरचं नाव लिहीत नाही, कारण त्यांच्याशी पत्रव्यवहार अजून चालू आहे. पण या रिसेप्टरसाठी जे कोणी इंडेंट (खरेदीची मागणी) टाकणार असतील, त्यांनी आधी हे वाचावं.

सुरुवात चांगल्यापासून करते. पहिल्या लॉटने उंदराच्या मेंदूच्या सेक्शनमध्ये (पातळ कापांत), प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये असं सुंदर स्टेनिंग दिलं की कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकासमोरून उठवत नव्हतं. पाचव्या थरातल्या पिरॅमिडल न्यूरॉनचे वर जाणारे डेंड्राइट (फांद्या) एकेक करून मोजता येत होते. क्लॉस्ट्रम (कॉर्टेक्सखालचा पातळ पट्टा) भरून आलं होतं, सेरेबेलम (लहान मेंदू) जवळपास कोरं. या रिसेप्टरच्या बाबतीत हेच अपेक्षित आहे. पाझोस, कोर्तेस आणि पालासिओस यांनी १९८५ मध्ये रेडिओलिगँड (रिसेप्टरला चिकटणारा किरणोत्सारी रेणू) वापरून उंदीरवर्गी मेंदूचा नकाशा काढला, त्यातही क्लॉस्ट्रम आणि कॉर्टेक्सचे मधले थर दाट आहेत.

आमच्याकडे जमलेली पद्धत अशी. चार टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडने परफ्यूजन, पोस्ट-फिक्स रात्रभर आणि त्याहून अजिबात जास्त नाही. चाळीस मायक्रॉनचे तरंगते सेक्शन, सहा पीएचच्या सायट्रेटमध्ये ऐंशी अंशांवर अर्धा तास, मग १:५०० ला पातळ केलेल्या अँटिबॉडीत दोन रात्री चार अंशांवर. डेटाशीट १:१०० सांगतं. त्या हिशोबाने एक नळी बघता बघता संपली असती, आणि बॅकग्राउंडही वाढतो. वापरलेलं डायल्यूशन ०.०२ टक्के सोडियम अझाइड घालून ठेवलं तर पुन्हा दोनदा सहज चालतं. एचआरपी एन्झाइम जोडलेल्या सेकंडरीत (पहिलीला चिकटणाऱ्या दुसऱ्या अँटिबॉडीत) मात्र अझाइड घालू नका, ते एन्झाइमच बंद पाडतं. नळी आल्या दिवशीच पाच-पाच मायक्रोलिटरचे अलिकॉट (छोटे वाटे) करा. चाळीस हजारांची वस्तू रोज बर्फातून काढून परत ठेवणं मला बघवत नाही.

आता ब्लॉट, म्हणजे वेस्टर्न: प्रथिनं जेलमध्ये वजनानुसार वेगळी करायची आणि हवं ते अँटिबॉडीने ओळखायचं.

डेटाशीटवर वेस्टर्नचं एकच चित्र आहे: एक बारीक आडवी पट्टी, तिच्यात एकच काळाभोर बँड, शेजारी ‘५५ केडीए’ (किलोडाल्टन, प्रथिनाच्या वजनाचं एकक) हा आकडा. लॅडर (वजनाची मोजपट्टी) नाही. वर काय होतं, खाली काय होतं, कळायला मार्ग नाही. ही कापलेली पट्टी माझ्या डोक्यातून जात नाही. रिसेप्टर ४७१ अमिनो आम्लांचा, त्याचं वजन त्रेपन्न केडीएच्या आसपास. शिवाय त्यावर साखरेच्या साखळ्या चढतात. त्यामुळे खरा बँड थोडा वर आणि पसरट दिसायला हवा. चित्रातला बँड सुरीने कापल्यासारखा रेखीव आहे. आम्ही ब्लॉट लावला तेव्हा बँड निघाले चार. त्यातला सर्वात ठळक पंचावन्नपाशीच होता, आणि कंपनीने नेमका तेवढाच भाग कापून छापला आहे.

आधी वाटलं, नमुना उकळल्याने गडबड होत असेल. सात वेळा पटलातून आरपार जाणारी ही प्रथिनं पंच्याण्णव अंशांवर एकमेकांना चिकटतात आणि जेलच्या तोंडाशीच अडकून बसतात. म्हणून नमुने सदतीस अंशांवर ठेवले. वरचा गठ्ठा कमी झाला, बँड मात्र चारच राहिले. त्यात सेरेबेलमचा नमुना लावला, तर पंचावन्नचा बँड कॉर्टेक्सइतकाच जाड. ज्या भागात सेक्शन कोरा, तिथे ब्लॉट भरलेला.

कंपनीला विचारलं. उत्तर आलं की ब्लॉकिंग पेप्टाइड (अँटिबॉडी ज्याविरुद्ध बनवली तोच तुकडा) विकत घ्या आणि पडताळा. तेही वेगळ्या किमतीला. आम्ही घेतलं. पेप्टाइड मिसळल्यावर चारही बँड गेले, आणि कंपनीने लिहिलं, ‘विशिष्टता सिद्ध.’ ती सिद्ध होत नाही. अँटिबॉडी त्या पेप्टाइडला चिकटते एवढंच त्यातून कळतं. ती दुसऱ्याच एखाद्या प्रथिनाला चिकटत असेल तरी पेप्टाइड तिचं तोंड तितक्याच नीट बंद करणार. मिशेल, वीलांड आणि त्सुजिमोतो यांनी २००९ मध्ये जी-प्रोटीनशी जोडलेल्या रिसेप्टरांच्या (५-एचटी२ए याच वर्गातला) अँटिबॉडींवर हाच इशारा दिला होता. इतक्या वर्षांनीही पेप्टाइडचा पुरावा पुढे केला जातो याचा मला मनापासून राग येतो.

इथपर्यंतचं मी आधीच लिहून ठेवलं होतं आणि शेवटी ‘घेऊ नका’ असं सरळ लिहिलं होतं. ते आता बदलते. मध्यंतरी ओळखीच्या एका लॅबने या रिसेप्टरचं जनुक काढलेल्या नॉकआउट उंदरांचे मेंदू पाठवले, काही फिक्स केलेले, काही गोठवलेले. ब्लॉटमध्ये नॉकआउटच्या लेनमध्ये चारही बँड जसेच्या तसे आले. म्हणजे डेटाशीटवरची ती पट्टी कुठल्या तरी परक्या प्रथिनाची आहे. पण सेक्शनमध्ये पहिल्या लॉटने चकित केलं. नॉकआउटच्या कॉर्टेक्समधून डेंड्राइट पूर्ण गायब झाले, क्लॉस्ट्रमही विझलं. उरला तो हलका, सर्वत्र सारखा पसरलेला बॅकग्राउंड. गोठवलेल्या नमुन्यात डिटर्जंटने उलगडलेलं प्रथिन आणि फिक्स केलेल्या पेशीत आपल्या जागी असलेलं प्रथिन अँटिबॉडीसमोर वेगवेगळ्या रूपात येतं. म्हणून एका पद्धतीत खरी ठरलेली अँटिबॉडी दुसरीत खोटी ठरू शकते, आणि हे उलटंही होतं. अँटिबॉडी तपासायचे पाच मार्ग सांगणारा २०१६ चा प्रस्तावही याच मताचा आहे: ज्या वापरासाठी घेता, त्याच वापरात तपासा.

मग पहिला लॉट संपत आला आणि दुसरा मागवला. कोटेशन, मंजुरी, आयात यात कित्येक आठवडे गेले. नळी आली, तीच पद्धत वापरली, आणि पेशींची केंद्रकं उजळली. डेंड्राइट नाहीत. नॉकआउटमध्येही तीच केंद्रकं. पॉलिक्लोनल म्हणजे एका सशाचं रक्त. ससा बदलला की अँटिबॉडी बदलली. कॅटलॉग क्रमांक मात्र तोच राहतो.

डिस्ट्रिब्यूटरला फोटो पाठवले. ‘मॅडम, कंपनी म्हणते तुमचा पॉझिटिव्ह कंट्रोल दाखवा.’ दाखवला. ‘नॉकआउटचा डेटा त्यांच्या फॉर्ममध्ये भरून द्या.’ दिला. मग बदली नळी आली, त्याच दुसऱ्या लॉटची. मी ती न उघडता परत केली. पैसे परत मिळण्याबाबत अजून ‘वर कळवलंय’ एवढंच उत्तर आहे. जुन्या लॉटमधलं काही शिल्लक आहे का, हे मी तीनदा लेखी विचारलं; त्याला उत्तर नाही.

हा पैसा सार्वजनिक अनुदानातला आहे. मुंबईत या रिसेप्टरवर महत्त्वाचं काम होतं. सेरोटोनिन ५-एचटी२ए मार्फत कॉर्टेक्सच्या न्यूरॉनमधल्या मायटोकॉन्ड्रियांची निर्मिती वाढवतं, हे टीआयएफआरमधल्या (टाटा मूलभूत संशोधन संस्था) विदिता वैद्य यांच्या गटाने २०१९ मध्ये दाखवलं. अशा विषयावर काम करणाऱ्या एखाद्या नव्या विद्यार्थ्याने त्या कापलेल्या पट्टीवर विश्वास ठेवून ब्लॉटचे आलेख काढले, तर त्याची दोन वर्षं परक्या प्रथिनाच्या मोजमापात जातील. म्हणून एवढं लांबलचक लिहिते आहे.

घ्यायचीच असेल तर फक्त सेक्शनसाठी घ्या. ऑर्डर देण्याआधी लॉट क्रमांक लेखी मागा आणि त्या लॉटचा नॉकआउट सेक्शन आहे का ते विचारा. चांगला लॉट हाती लागला तर ग्रँटमध्ये बसतील तेवढ्या नळ्या एकदमच उचला. नॉकआउट मिळत नसेल तर निदान सेरेबेलम शेजारी लावा आणि इन सिटू हायब्रिडायझेशनने (सेक्शनमध्येच आरएनए शोधण्याची पद्धत) या रिसेप्टरचा आरएनए कुठे आहे ते पडताळा. ब्रॅडबरी आणि प्लुकथुन यांनी २०१५ मध्ये मागणी केली तशी, क्रम ठाऊक असलेली रिकॉम्बिनंट (सशाऐवजी जनुकावरून बनवलेली) अँटिबॉडी या रिसेप्टरसाठी नॉकआउटच्या पुराव्यासह मिळाली, तर मी दुप्पट पैसे द्यायला तयार आहे. रिसेप्टरचं प्रमाण मोजायला आम्ही आता ट्रिटियम लावलेला एम१००९०७ (या रिसेप्टरला चिकटणारा रेणू, म्हणजे रेडिओलिगँड) वापरतो. केटॅन्सेरिन स्वस्त पडतं, पण ते हिस्टामिनच्या एच१ रिसेप्टरलाही चिकटतं. पहिल्या लॉटचे उरलेले अलिकॉट उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये आहेत. त्यावर ‘ब्लॉटसाठी नाही’ असं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं आहे.