मिरजेत तानपुऱ्याची जवारी करून घेतली

मार्च एंडिंगमुळे दोन महिने रियाजाला हातच लागला नव्हता, परवा तानपुरा काढला तर षड्ज नुसता ठणठण वाजतोय, गुंजनच नाही. मग रविवारी एसटीने मिरज गाठलं आणि सतारमेकर गल्लीतल्या एका छोट्याशा दुकानात दिला. चाचांनी कव्हर काढायच्या आधीच विचारलं, "एसीत ठेवला होता काय ताई?" हो, ठेवला होता 🙈

जवारी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा वरचा भाग कानसने अगदी हलका घासायचा, जरा जास्त गेलं की संपलंच. दोनदा घासणार, तार छेडणार, परत कान लावणार, असं दीड तास चाललं. मग तारेखाली सुताचा जीव, म्हणजे बारीक दोरा, सरकवला आणि एका जागी असा काही सूर उघडला की बाहेरचा स्कूटरवाला पण थांबला. तारा बदलून बाराशे. बिल मागितलं तर पाठकोऱ्या कागदावर मिळालं, बसायला एकच स्टूल, पार्किंग विसरा.

ऑफिसात सांगितलं तर एक जण म्हणतो, "त्यांच्याकडेच कशाला टाकलास?" डोकंच फिरलं. अरे, किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले, इथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तू मला आडनाव बघून जवारी करायला सांगतोस? त्या दिवशी डबा मी एकटीनेच खाल्ला.

फोन करून जा, शुक्रवारी दुपारी बंद असतं.