कॉर्सेअर व्हेंजन्स एलपीएक्स १६ जीबी: बेताच्या बजेटला बरी रॅम
रायझन ५ ५६००जी प्रोसेसर आणि बी४५० मदरबोर्ड घेत असाल, तर ८-८ जीबीच्या दोन पट्ट्यांचं हे डीडीआर४ (रॅमची पिढी) ३२०० (वेग) किट डोळे झाकून घ्या. १६ची एकच पट्टी नको. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं की चित्राचा भारही रॅमवरच येतो; कागदावर एका पट्टीचा वेग सेकंदाला २५.६ जीबी, दोन्हींचा ५१.२.

बोर्डावर रॅमच्या चार खाचा असतील तर प्रोसेसरकडून दुसरी आणि चौथी वापरा, 'टक्' वाजेपर्यंत दाबा. अर्धवट बसली की पंखे फिरतात, स्क्रीन मात्र काळीच. मग बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या जाहीर वेगाने पळवणारी सोय, चालू करा. हे राहिलं की बिचारी २१३३वरच रांगते! संगणकाची माहिती सांगणारं सीपीयू-झेड सॉफ्टवेअर १६०० दाखवत असेल तर दुकानदाराशी भांडू नका, आकडा दुप्पट धरायचा असतो.

उंची कमी, त्यामुळे मोठ्या कूलरखालीही सहसा मावते. दिवे नाहीत, तेच बरं.

निपाणी-खानापूरहून बेळगावात येणाऱ्यांनी बोर्डाचं पूर्ण नाव लिहून आणावं. इंटेल प्रोसेसरसाठीचे एच६१० बोर्ड डीडीआर४चे वेगळे, डीडीआर५चे वेगळे. चुकीची पट्टी खाचेत बसतच नाही आणि फेरी फुकट जाते.