यूसीएससी जीनोम ब्राउझर: धाकटीच्या अंगठ्याचा पत्ता

माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी एक पांढरी वळ आहे. तिथे आणखी एक अंगठा होता. मी दीड वर्षाचा असताना तो काढला. आईच्या हातावरही तशीच खूण आहे. धाकटी झाली तेव्हा नर्सनं दुपटं बाजूला करून तिचा हात पुढे धरला आणि मी बोटं मोजलीसुद्धा नाहीत. काय दिसणार ते मला ठाऊक होतं.

ज्या गोष्टीचा हा रिव्ह्यू आहे ती डीएनएचा नकाशा दाखवणारी, संशोधकांसाठी तयार केलेली वेबसाइट आहे आणि मी संशोधक नाही, म्हणून हे आधी सांगितलं. मी नकाशे करतो. वीस वर्षं जीआयएसचंच काम. थरावर थर चढवायचे, एकाच जागेबद्दल दहा माणसांनी दहा वेळा मोजलेलं एकाखाली एक मांडायचं आणि मग तिथे काय चाललंय ते वाचायचं. यूसीएससी जीनोम ब्राउझर पहिल्यांदा उघडला तेव्हा वाटलं, अरे, हे तर आपलंच काम आहे, फक्त जमीन वेगळी. गेले आठ महिने मी तो जवळजवळ रोज रात्री उघडतो.

तिथवर पोचलो ते असं. धाकटीची आधी एक्झोम तपासणी झाली. रिपोर्ट आला: लक्षणांशी जुळणारा बदल आढळला नाही. आम्ही घरी येऊन दोन दिवस हाच अर्थ काढत बसलो की हे आनुवंशिक नाही. तीन पिढ्यांचे हात समोर असताना! मग जेनेटिक काउन्सेलर मॅडमनी नीट समजावलं. एक्झोम म्हणजे डीएनएचा प्रथिनं बनवणारा भाग, एकूण मजकुराच्या जेमतेम दीड टक्का. बाकीचं त्या तपासणीत वाचलेलंच नसतं. ‘आढळला नाही’ याचा अर्थ ‘जिथे पाहिलं तिथे आढळला नाही’ एवढाच. पुढे संपूर्ण जीनोम वाचून घेतला, आणि त्यात सातव्या गुणसूत्रावर एका अक्षराचा बदल निघाला. जनुकाच्या रकान्यात नाव होतं एलएमबीआर१, जागा पाचव्या इंट्रॉनमध्ये, म्हणजे जनुकाच्या मधल्या, प्रथिन न बनवणाऱ्या एका तुकड्यात, आणि शेरा: ‘महत्त्व अनिश्चित’.

रिपोर्टमध्ये त्या अक्षराच्या जागेचा आकडा होता. तो घेऊन मी ब्राउझर उघडला आणि चुकीच्या ठिकाणी जाऊन पडलो. एलएमबीआर१ मध्ये नाही, त्याच्या बाहेरच. मला वाटलं रिपोर्टच चुकला. संध्याकाळभर डोकं धरून बसलो, आणि मग लक्षात आलं ते नकाशावाल्याच्या ताबडतोब लक्षात यायला हवं होतं. जुन्या डेटमवरचे, म्हणजे जुन्या मोजणी-पायावरचे आकडे नव्या नकाशावर टाकले की विहीर रस्त्याच्या मधोमध दिसते. मानवी जीनोमच्याही आवृत्त्या आहेत. रिपोर्टमधला आकडा एचजी१९ वरचा होता, ब्राउझर उघडला होता एचजी३८ वर, म्हणजे २०१३च्या शेवटी आलेल्या आवृत्तीवर. गुणसूत्राच्या त्या टापूत दोन्हींमध्ये सुमारे २ लाख ७ हजार अक्षरांचा फरक पडतो. लॅबनं आवृत्तीचं नाव रिपोर्टच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात दिलं होतं. पत्ता द्यायचा आणि कुठल्या नकाशावरचा ते तळटीपेत ढकलायचं, हे मला आजही पटलेलं नाही. आई-बापाच्या हातात पडणारा कागद आहे तो. ब्राउझरमधलं लिफ्टओव्हर नावाचं साधन मात्र एका आवृत्तीतला आकडा दुसरीत क्षणात बदलून देतं. आकडा बदलला आणि मी बरोबर एलएमबीआर१ च्या पोटात उतरलो.

आता मुख्य गोष्ट. एलएमबीआर१ चा अंगठ्याशी तसा काही संबंध नाही. सुरुवातीला शास्त्रज्ञांचाही संशय याच जनुकावर होता, कारण बदल सापडत होते ते याच्याच हद्दीत. पण त्या इंट्रॉनमध्ये साधारण ८०० अक्षरांचा एक तुकडा आहे, झेडआरएस. तो एनहान्सर आहे, म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी जनुकाला ‘आता चालू हो’ सांगणारी जागा. ते दुसरं जनुक म्हणजे एसएचएच, सॉनिक हेजहॉग. २००३ मध्ये हे नातं लॉरा लेटिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं.

हे वाक्य मी चारदा वाचलं होतं, तरी डोक्यात शिरलं ते पडद्यावर. सातव्या गुणसूत्राची अक्षरं सुरुवातीपासून मोजत गेलं तर एसएचएच आहे १५ कोटी ५८ लाखांच्या आसपास. झेडआरएस आहे १५ कोटी ६७ लाख ९१ हजारांच्या आसपास. मी दोन्ही एका चौकटीत येतील इतका झूम मागे घेतला. डाव्या टोकाला एसएचएचची बारीकशी खूण, उजवीकडे एलएमबीआर१ चा लांबलचक पट्टा, आणि मध्ये जवळपास १० लाख अक्षरांचा टापू, जनुकांच्या हिशेबात बराचसा ओसाड. मग पुन्हा झूम करत गेलो, पुन्हा, शेवटी ‘बेस’चं बटण दाबलं, आणि ए, सी, जी, टी ही सुटी अक्षरं समोर आली. त्यातलं एक आमचं. आईकडून मला, माझ्याकडून धाकटीला. १० लाख अक्षरं पलीकडच्या जनुकावर या एका अक्षराचा हात पोचतो.

कसा पोचतो, त्याचाही थर आहे. डीएनए पेशीत ताणलेल्या दोरीसारखा नसतो, त्याच्या मोठमोठ्या मोळ्या बांधलेल्या असतात, आणि दूरच्या जागा एकमेकींना येऊन भिडतात. हाय-सी नावाच्या पद्धतीनं हे भिडणं मोजतात. ब्राउझरमध्ये ते त्रिकोणी छटांमध्ये दिसतं: जिथे रंग गडद, तिथे दोन जागांची गाठ जास्त. एसएचएच आणि झेडआरएस एकाच मोळीत बसतात, म्हणून एवढं अंतर चालून जातं.

मला सगळ्यात प्रिय थर मात्र कॉन्झर्व्हेशनचा. त्यात माणसाच्या डीएनएखाली इतर प्राण्यांचे तेच तुकडे ओळीनं मांडलेले असतात: माकड, उंदीर, कुत्रा, हत्ती, कोंबडी. वर निळे खांब. जेवढा उंच खांब तेवढं ते अक्षर उत्क्रांतीत न बदलता टिकलेलं. आजूबाजूच्या इंट्रॉनमध्ये खांब ठेंगणे, विस्कळीत. झेडआरएसवर आलं की एकदम दाटी होते. हा तुकडा माशांमध्येसुद्धा आहे. तिथे तो पोहण्याच्या परांसाठी कामी येतो. प्रथिन बनवत नाही म्हणून ज्या मजकुराला कधीकाळी अडगळ म्हटलं गेलं, त्यातला हा ८०० अक्षरांचा तुकडा कोट्यवधी वर्षं जपलेला आहे.

काढून टाकला तर काय होतं? उंदरांत काढून पाहिला, पाय खुरटले. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या प्रयोगशाळेनं याहून विलक्षण काम केलं. उंदराचा झेडआरएस काढून तिथे सापाचा बसवला. पिल्लांना पाय जवळजवळ आलेच नाहीत. मग सापाच्या तुकड्यात हरवलेली १७ अक्षरं परत घातली, आणि पाय परत आले. सतरा अक्षरं! मी हे बायकोला रात्री साडेअकराला उठवून सांगितलं.

आमच्या बाबतीत उलट झालंय. तुकडा हरवलेला नाही, जरा जास्त कामसू झालाय. गर्भात हाताची कळी फुटते तेव्हा एसएचएच फक्त करंगळीच्या बाजूला चालू व्हायचं असतं. असे बदल असले की ते अंगठ्याच्या बाजूलाही थोडं चालू होतं, आणि तिकडे एक बोट जास्त बनतं. ब्राउझरमध्ये व्हिस्टा नावाचा एक ट्रॅक, म्हणजे थर आहे. त्यात माणसाच्या डीएनएचे असे तुकडे उंदराच्या साडेअकरा दिवसांच्या भ्रूणात घालून पाहिलेत. तुकडा जिथे काम करतो तिथे निळा रंग उमटतो. त्या ट्रॅकवरून मूळ संग्रहातली भ्रूणांची छायाचित्रं पाहता येतात. नखाएवढा जीव, आणि त्याच्या अवयवांच्या कळ्यांवर निळे ठिपके.

‘जरा जास्त’ म्हणजे किती, हे २०२४ मध्ये एमा फार्ली यांच्या संशोधक गटानं नेचर या विज्ञान नियतकालिकात छापलं. झेडआरएसमध्ये ईटीएस प्रथिनं चिकटण्याच्या ज्या जागा आहेत, त्यांची पकड मुळातच ढिली असते, आणि ती ढिलीच असावी लागते. एका अक्षरानं पकड किंचित घट्ट झाली तरी उंदराला जादा बोट येतं. मला वाटायचं, बिघाड म्हणजे काहीतरी तुटणं. इथे जोड आधीपेक्षा घट्ट बसलाय, आणि तोच बिघाड आहे.

आता नवख्यांसाठी इशारे. पहिल्यांदा उघडल्यावर इतके ट्रॅक अंगावर येतात की माणूस भांबावतो. मी सरळ सगळे लपवले आणि चारच चालू ठेवले: जनुकं, कॉन्झर्व्हेशन, एन्कोड या प्रकल्पानं शोधलेल्या नियामक जागा (जनुकं चालू-बंद करणाऱ्या) आणि क्लिनव्हार, म्हणजे माणसांत सापडलेल्या बदलांची आणि त्यांच्या शेऱ्यांची नोंदवही. एन्कोडच्या थरात लाल म्हणजे जनुकाच्या सुरुवातीची जागा, पिवळा म्हणजे दूरचा एनहान्सर असावा असा अंदाज. २०२०च्या यादीत माणसाच्या अशा ९ लाख २६ हजारांहून जास्त जागा आहेत. पण हे थर विशिष्ट पेशींमध्ये मोजलेले आहेत. आमचा तुकडा गर्भातल्या हाताच्या कळीत थोडेच दिवस जागा असतो. यकृताच्या पेशीत तो दिसणार तरी कसा? नकाशात पांढरी जागा म्हणजे तिथे काही नाही असं नव्हे, तिथे तेव्हा कुणाला काही दिसलं नाही असं.

दुसरं, आपली अख्खी जीनोम फाइल अपलोड करायची गरज नाही. मी केली नाही. जागेचा आकडा टाइप केला की पुरतं. पाहायला पैसे लागत नाहीत, नोंदणी लागत नाही; आपली मांडणी नावानिशी साठवायची असेल तरच खातं काढावं लागतं.

तिसरं, हा ब्राउझर निदान करत नाही. ‘महत्त्व अनिश्चित’ हा शेरा मी पडद्यासमोर बसून पुसू शकलो नसतो. तो हलला तो काउन्सेलर मॅडमनी आईची, माझी आणि माझ्या भावाची तपासणी मागवली तेव्हा. आईत आणि माझ्यात बदल आहे, भावात नाही, आणि त्याचे हात सरळ आहेत. शिवाय झेडआरएसवरचा आधीचा अभ्यास होताच. या सगळ्यावरून त्यांनी शेरा ‘हाच बदल कारण असावा’ अशा वरच्या वर्गात नेला.

एका मित्रानं विचारलं, आता एआय आहे ना, हे सगळं कशाला? गूगल डीपमाइंडचं अल्फाजीनोम जून २०२५ मध्ये आलं. ते एका वेळी १० लाख अक्षरं घेतं आणि एका अक्षराच्या बदलानं जनुकांच्या चालू-बंद होण्यावर काय परिणाम होईल याचे अंदाज देतं. त्याआधीचं एन्फॉर्मर साधारण २ लाख अक्षरं घ्यायचं. प्रगती मोठी आहे, मी आनंदानं वाचतो. पण १ लाख अक्षरांहून दूरच्या एनहान्सरचा परिणाम नीट पकडणं अजून अवघड जातंय, असं ते बनवणाऱ्यांनीच सांगितलंय, आणि आमचं अंतर त्याच्या दहापट. अंदाजाचा थर मी मोजलेल्या थरांच्या खाली ठेवतो. नकाशातही तेच करतो.

या ब्राउझरच्या मुळाशी जिम केंट नावाचा माणूस आहे. २००० साली मानवी जीनोमचे वाचलेले तुकडे जुळवण्याचा प्रोग्रॅम त्यानं सांताक्रूझच्या विद्यापीठात (यूसीएससी म्हणजे तेच) शिकत असताना साधारण महिनाभरात लिहिला. टाइप करून करून मनगटं दुखायची, ती रात्री बर्फानं शेकायचा असं सांगतात. ७ जुलै २००० ला तो मजकूर सगळ्या जगासाठी इंटरनेटवर खुला झाला. खुला झाला म्हणूनच पंचवीस वर्षांनी माझ्यासारखा माणूस घरी बसून तो उघडू शकतो. याबद्दल मला फार कृतज्ञता वाटते.

आईला मी हे गेल्या महिन्यात दाखवलं. ती आयुष्यभर समजत आली की माझ्या वेळी पोटुशी असताना तिच्याच हातून काहीतरी चुकलं. कुणी तसं बोललंही असेल, ती सांगत नाही. मी तिला एसएचएच दाखवलं, मग मधला लांबलचक टापू, मग झूम करत ते अक्षर. तिनं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि पडद्यावर बोट टेकवलं. वळ असलेल्या हाताचंच.

“एवढंच?” ती म्हणाली.

“एवढंच, आई.”

मग तिनं खालच्या ओळीतली कोंबडी कुठली ते विचारलं, उंदीर कुठला ते विचारलं. धाकटी तिच्या मांडीवर होती. तिच्या शस्त्रक्रियेची तारीख पुढच्या महिन्यात आहे. ती मांडणी मी तिच्या नावानं साठवून ठेवलीय, एचजी३८ असं सुरुवातीलाच ठळक लिहून.