सोशल डेमोक्रॅट आणि झेंट्रुम: वायमारच्या लोकशाहीतले दोन आधार

वायमार प्रजासत्ताक म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरची, हिटलरच्या आधीची जर्मन लोकशाही. तिथला सोशल डेमोक्रॅट पक्ष कामगार संघटनांवर उभा होता, तर झेंट्रुम हा कॅथलिकांचा पक्ष. त्यात ऱ्हाईनलँडचा खाणकामगार, शेतकरी आणि कारखानदार एकत्र होते. त्यामुळे झेंट्रुमची मते फारशी हलली नाहीत: १९२८ मध्ये १२.१ टक्के, नोव्हेंबर १९३२ मध्ये ११.९. याच काळात सोशल डेमोक्रॅट २९.८ वरून २०.४ टक्क्यांवर घसरले, कारण बेकारी वाढताच डावीकडून कम्युनिस्टांनी त्यांची मते ओढली.

मते सोशल डेमोक्रॅटांची जास्त, सत्तेत मात्र उलटे दिसते. मे १९३२ पर्यंतच्या प्रत्येक केंद्रीय मंत्रिमंडळात झेंट्रुमचे लोक होते. सोशल डेमोक्रॅट बराच काळ बाहेर राहिले. त्यांचा खरा किल्ला प्रशिया हे जर्मनीतले सर्वांत मोठे राज्य होते आणि तिथे त्यांचे मुख्यमंत्री ओटो ब्राउन झेंट्रुमच्याच साथीने राज्य चालवत.

केंद्रातली जोडी तुटली ती मार्च १९३० मध्ये, बेकारी विम्याच्या हप्त्यावरून. झेंट्रुमच्या ब्र्यूनिंग यांनी सुचवलेली तडजोड सोशल डेमोक्रॅट खासदारांनी नाकारली आणि त्यांच्याच पक्षाचे चॅन्सेलर (सरकारप्रमुख) हेरमान म्युलर यांचे सरकार पडले. माझ्या मते ही त्या पक्षाची सर्वांत महागडी चूक. पुढे चॅन्सेलर झालेल्या ब्र्यूनिंग यांनी राज्यघटनेच्या कलम ४८ खालील, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या आणीबाणीच्या अधिकारांतल्या अध्यादेशांवर कारभार चालवला आणि राइशटाग (संसद) विसर्जित झाली. सप्टेंबरच्या निवडणुकीत नाझींच्या जागा १२ वरून १०७ झाल्या.

२३ मार्च १९३३ रोजी संसदेविना कायदे करण्याचा अधिकार सरकारला देणाऱ्या हिटलरच्या अधिकारप्रदान कायद्याला झेंट्रुमने पाठिंबा दिला. सोशल डेमोक्रॅटांची ९४ मते विरोधात पडली. सभागृहात विरोध करणारे तेवढेच होते.