सूर्यावर चालणारा लसींचा फ्रिज: यंत्र उत्तम, छप्पर आधी तपासा

वीज नसलेल्या किंवा असून नसल्यासारख्या आरोग्य केंद्रांसाठी आंतरराष्ट्रीय मदतीतून आज जो फ्रिज सर्वाधिक पाठवला जातो, तो म्हणजे सोलर डायरेक्ट ड्राइव्ह, बोलीभाषेत एसडीडी. हे परीक्षण एखाद्या कंपनीच्या मॉडेलचं नाही, या जातीच्या फ्रिजचं आहे. नीट बसवला तर लसींसाठी आजवर मिळालेल्या साधनांत हा सर्वांत भरवशाचा. वाईट बसवला तर महागडं कपाट.

आधी हा कोणाच्या जागी आला ते बघू, म्हणजे किंमत पटते. रॉकेल आणि गॅसवर चालणारे शोषण पद्धतीचे फ्रिज कित्येक दशकं वापरात होते. वात काजळी धरायची, इंधन संपायचं, आणि थर्मोस्टॅट नावालाच असल्यामुळे आतलं तापमान रात्री गोठणबिंदूखाली आणि दुपारी 10 अंशांच्या वर जायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मान्यताप्राप्त यादीत आता असे फ्रिज घेतले जात नाहीत. त्यानंतर आले बॅटरीवरचे सौर फ्रिज. त्यांचं दुखणं एकच: बॅटरी. तीन ते पाच वर्षांत ती मरते, नवीन घ्यायला अंदाजपत्रकात तरतूद नसते, आणि मरायच्या आधीच कुणीतरी तिच्यावर दिवा नाहीतर टीव्ही जोडलेला असतो.

एसडीडीत वीज साठवतच नाहीत, थंडी साठवतात. पॅनेलमधून येणारा डीसी (एकाच दिशेचा) प्रवाह थेट कॉम्प्रेसरला जातो. दिवसभरात कप्प्याभोवतीच्या भिंतीत बर्फ किंवा तत्सम पदार्थ गोठतो आणि रात्री तोच लसींना 2 ते 8 अंशांत धरून ठेवतो. सोलरचिल या प्रकल्पाने ही कल्पना पुढे रेटली. त्यात ग्रीनपीस, यूएनईपी (संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम), युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना, पाथ ही आरोग्यातली संस्था, जर्मनीची विकास संस्था आणि डॅनिश टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट एकत्र होते. पर्यावरणवाले आणि लसीकरणवाले एकाच टेबलावर बसल्याचा परिणाम फ्रिजच्या पोटात दिसतो. आत थंडावा देणारा वायू आर600ए म्हणजे आयसोब्युटेन असतो. पूर्वीच्या आर134ए वायूची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,430 पट, आयसोब्युटेनची एक आकडी. मॉन्ट्रियल करारातल्या 2016 च्या किगाली दुरुस्तीनंतर एचएफसी, म्हणजे आर134एच्या जातीचे वायू, कमी करणं भागच आहे, त्यामुळे ही निवड लांब पल्ल्याची. मात्र आयसोब्युटेन ज्वलनशील आहे. जुन्या वायूची सवय असलेल्या मिस्त्रीने खोलीत हवा खेळती न ठेवता ब्रेझिंगची (नळ्या जोडायची) ज्योत पेटवली तर अपघात ठरलेला.

आता माहितीपत्रकातल्या आकड्यांकडे. 'ऑटोनॉमी किमान 3 दिवस' ही ओळ सगळीकडे असते. ऑटोनॉमी म्हणजे विजेशिवाय फ्रिज थंडी टिकवतो तो काळ. हा काळ मोजताना वीजपुरवठा तोडतात, दार बंद ठेवतात आणि आतली सर्वांत उबदार जागा 10 अंशांवर पोहोचेपर्यंत घड्याळ चालू ठेवतात. 8 नाही, 10. प्रत्यक्षात लसीकरणाच्या दिवशी झाकण वीस वेळा उघडलं जातं. म्हणून सलग ढगाळ हवेत पूर्ण तीन दिवस मिळतील असं धरून चालू नका. दुसरा आकडा तापमानक्षेत्राचा: उष्ण म्हणजे बाहेर 43 अंश, समशीतोष्ण 32, सौम्य 27. उष्ण प्रदेशासाठी 32 चा शिक्का असलेलं मॉडेल स्वस्त पडतं म्हणून घेणं हा वेडेपणा आहे.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते, आणि आमच्या मते तीच सर्वांत महत्त्वाची: गोठण्यापासून संरक्षणाची श्रेणी. पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी, टीडी (धनुर्वात-घटसर्प), एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची), न्यूमोकोकल या लसी गोठल्या की कामातून जातात आणि वरून बघून कळत नाही. कुपीवरचा व्हीव्हीएम, म्हणजे रंग बदलणारा ठिपका, फक्त उष्णता नोंदवतो, गोठणं नाही. 'ए' श्रेणीच्या फ्रिजमध्ये कुपी कुठेही ठेवा, गोठत नाही. 'बी' आणि 'सी'मध्ये टोपली वापरणं, तळाला अंतर सोडणं अशी शिस्त वापरणाऱ्यावर सोडलेली असते. परिचारिका बदलली की शिस्तही बदलते. 'ए' सोडून दुसरं काही घेऊ नका.

आकार निवडताना बहुतेक कार्यालयं घाबरून मोठा मागवतात. हिशेब सोपा आहे. समजा वर्षाला 400 बाळं, एका बाळाच्या सगळ्या डोसांचं वेष्टनासकट आकारमान 200 घन सेंटिमीटर, आणि वाया जाणाऱ्या डोसांचा गुणक 1.3. वर्षाचे झाले 104 लिटर. पुरवठा महिन्याला असेल तर 12 ने भागा आणि 25 टक्के राखीव धरा: सुमारे 11 लिटर. म्हणजे 30 लिटरखालचा सर्वांत लहान गटही पुरतो, मोहिमेपुरती जागाही उरते. मोठा फ्रिज म्हणजे जास्त पॅनेल, जास्त वजनाचा सांगाडा, आणि रिकाम्या जागेत शिरणारी औषधं आणि पाण्याच्या बाटल्या. क्षमता बघताना एकूण नव्हे, निव्वळ लससाठ्याची क्षमता वाचा.

केंद्रात दिवसाला 8 तास किंवा अधिक वीज येत असेल तर हा फ्रिज घेऊच नका. तिथे साधा आयएलआर, म्हणजे विजेवर चालणारा, भिंतीत बर्फाचा थर असलेला फ्रिज, स्वस्त आणि सोपा.

बसवणं इथे निम्मं यश ठरवतं. पॅनेल विषुववृत्ताकडे तोंड करून, अक्षांशाइतक्या कोनात, पण 10 अंशांपेक्षा कमी नको, नाहीतर पाऊस धूळ धुऊन नेत नाही. सकाळी 9 ते दुपारी 3 या वेळात फांदी, टाकी किंवा अँटेनाची सावली पडता कामा नये. पेशी एकापाठोपाठ एक जोडलेल्या असल्यामुळे एका कोपऱ्यावरची सावली सगळ्या ओळीचा प्रवाह खाली आणते. आज झाड लहान आहे म्हणून सोडू नका, यंत्राला दहा वर्षं काढायची आहेत. छप्पर कुजकं असेल तर खांबावर पॅनेल बसवा. अर्थिंग आणि चोरी अवघड करणारे बोल्ट किटमध्ये आहेत का, ते ऑर्डर देतानाच तपासा. फ्रिज समपातळीत, भिंतीपासून हात जाईल इतका दूर, खिडकीच्या उन्हाबाहेर. सुरू केल्यावर लगेच लस भरायची नाही. भिंतीतला बर्फ तयार व्हायला उन्हाचे काही दिवस लागतात. लॉगरवर, म्हणजे तापमानाची 30 दिवसांची नोंद ठेवणाऱ्या छोट्या यंत्रावर, रात्रंदिवस 2 ते 8 स्थिर दिसलं की मगच भरा.

लॉगर हे या फ्रिजचं डोकं. सलग 10 तास 8 अंशांच्या वर किंवा सलग 60 मिनिटं उणे 0.5 वा त्याखाली गेलं की ते अलार्म देतं. दिवसातून दोनदा वाचून कागदावर लिहायला मिनिटही लागत नाही. पण कागदावर महिनाभर सकाळ-संध्याकाळ '4.0' दिसलं तर कागदावर नाही, लॉगरच्या इतिहासावर विश्वास ठेवा.

तक्रारी बहुधा ठरावीक. 'सकाळी कॉम्प्रेसर सुरू होत नाही' याचं कारण अनेकदा पॅनेलच्या वायरला परस्पर जोडलेला मोबाइल चार्जर असतो. कोवळ्या उन्हात सुरुवातीला लागणारा प्रवाह तो खाऊन टाकतो. यावर रीतसर उपाय आहे: एनर्जी हार्वेस्ट कंट्रोल. फ्रिजची गरज आधी भागवून उरलेली वीज दिवे आणि चार्जिंगला देणारं हे उपकरण. मागवताना सोबतच मागवा. मग वायरला परस्पर काही जोडायची वेळच येत नाही. मात्र रात्रीच्या दिव्यासाठी त्याला बॅटरी लागतेच, म्हणजे जुनं दुखणं मागच्या दाराने परत. निदान ती मेली तरी लस वाचते.

जानेवारी 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटना, जागतिक बँक, आयरेना (आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्था) आणि सर्वांसाठी ऊर्जा या कामातली एसई फॉर ऑल ही संस्था यांनी मांडलं की कमी आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत जवळपास 1 अब्ज लोकांच्या वाट्याला वीज नसलेली किंवा बेभरवशाची वीज असलेली आरोग्य केंद्रं येतात. तिथे फक्त लसींच्या पेटीला सूर्य आणि प्रसूतीच्या खोलीला अंधार, ही एसडीडीची खरी मर्यादा. गाव्ही (गरीब देशांना लसी मिळवून देणारी आंतरराष्ट्रीय संस्था) आणि युनिसेफने इथिओपिया, पाकिस्तान, युगांडा आणि झांबियात आख्ख्या केंद्रालाच सौर वीज द्यायचा कार्यक्रम घेतला, तो याच कारणाने. केंद्रात बाळंतपणं होत असतील तर आधी तो पर्याय तपासा.

खरेदी गाव्हीच्या शीतसाखळी योजनेसारखी करा, म्हणजे वाहतूक, बसवणं आणि प्रशिक्षण एकाच करारात. नुसता फ्रिज बंदरावर उतरवून घेणारा करार स्वस्त दिसतो, पण मग खोके गोदामात पडून राहतात. करारात आणखी तीन ओळी घाला: सुटा कंट्रोलर आणि पंखा जिल्ह्याच्या साठ्यात, बिघाड कळवल्यापासून दुरुस्तीला किती दिवस, आणि वॉरंटी संपल्यावरचा खर्च कोणाच्या खात्यातून. आणि पॅनेल पुसायला शिडी. ती कुठल्याच किटमध्ये नसते, वेगळी मागवावी लागते.