रविवारी इथे जा आणि ड्रमर दिसेल अशा टेबलावर बसा

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू जेवणाचा कमी आणि रविवारी संध्याकाळी गोव्यातल्या या रेस्टॉरंटमध्ये वाजवणाऱ्या ड्रमरचा जास्त आहे. जेवण चांगलं आहे, त्याबद्दल वाद नाही. चोणक माशाचा रवा फ्राय ताजा, सोलकढी दाट आणि लसूण बेताची, शागुती, म्हणजे इथला मसालेदार रस्सा, मात्र टुरिस्टांना झेपावी म्हणून सौम्य केल्यासारखी वाटली, गोडात थराथरांचं बिबिंक नक्की मागवा. सर्व्हिस थोडी हळू, पण रविवारी कुणाला घाई असते. म्हापशाच्या बाजूने येत असाल तर दुचाकीच आणा, रस्ता अरुंद आहे आणि चारचाकी लावायला जागा नाही.

आता मुद्द्याचं. बाहेरच्या फळ्यावर फक्त गाणाऱ्या मुलीचं नाव लिहिलेलं असतं. ती छान गाते, कीबोर्डवाला आणि बास गिटारवालाही तयारीचे आहेत. पण तिच्या मागे, बारच्या खांबाला लागून जो माणूस अगदी छोटा ड्रमसेट घेऊन बसतो ना, पायाने वाजवायचा एक बास ड्रम, खाली तारा असलेला एक स्नेअर, जमिनीवर उभा एक मोठा फ्लोअर टॉम, पायाने मिटायची झांजांची जोडी म्हणजे हायहॅट आणि वर एकच मोठी झांज, तो एरवी हिंदी पॉप गायकांबरोबर देशभर टूर करतो. सीझनमध्ये स्टेडियमवर, कॉलेज फेस्टिव्हलना, लग्नाच्या मोठ्या शोजना. घरी असला की इथे येऊन वाजवतो.

टूरवरच्या ड्रमरचं काम नेमकं काय असतं हे आपल्याला प्रेक्षकांतून कळतच नाही. त्याच्या कानात इन-इअर इअरफोन असतात आणि त्यात पूर्ण शोभर क्लिक, म्हणजे ठरलेल्या गतीचा ठोका, वाजत असतो, टक टक टक टक. रेकॉर्डेड ट्रॅक, लाईट, मागच्या स्क्रीनवरचे व्हिडिओ बऱ्याचदा सगळं त्याच क्लिकला बांधलेलं, म्हणजे जीव आला म्हणून जरा पुढे पळायचं नाही आणि दमलो म्हणून मागे पडायचं नाही. पुष्कळ वेळा ट्रॅक सुरू करायचं बटणही ड्रमरच दाबतो. शेजारी सॅम्पल पॅड असतो, त्यावरून रेकॉर्डमधल्या टाळ्या आणि इलेक्ट्रॉनिक आवाज वाजवायचे. गायकाला ऐनवेळी मुखडा आणखी एकदा घ्यावासा वाटला तर बँडला इशारा द्यायचा, आणि लॅपटॉप बंद पडलाच तर कुणाला कळू न देता गाणं पुढे रेटायचं. एवढं सगळं करून त्याने वाजवायचं काय, तर साधा सरळ ठेका. लोक म्हणतात पॉपच्या ड्रमरला काय येतं, चार ठोके तर मारायचे. मला हे वाक्य अजिबात सहन होत नाही.

ॲरन स्पिअर्स हा अमेरिकन ड्रमर पॉप गायक अशरच्या टूरवर वाजवायचा, नंतर गायिका आरियाना ग्रांडेबरोबरही. त्याची 2006 च्या मॉडर्न ड्रमर फेस्टिव्हलमधली अशरच्या 'कॉट अप' गाण्याची क्लिप जगभरच्या ड्रमवाल्या पोरांनी परत परत बघितलीय, कारण रेडिओवरच्या त्याच गाण्यात एवढं सगळं दडलंय हे तेव्हा कळलं. चर्चमध्ये वाजवत मोठा झालेला माणूस, 2023 च्या ऑक्टोबरमध्ये वयाच्या 47 व्या वर्षी गेला. पॉपच्या मागे बसलेली माणसं काय ताकदीची असतात हे बघायचं तर ती क्लिप बघा.

तर इथे काय होतं. मी काकांना मुद्दाम घेऊन गेलो होतो. ते फोंड्याला भजनात तबला वाजवतात आणि ड्रम म्हणजे निव्वळ गोंगाट हे त्यांचं कायमचं मत. पहिली तीन-चार गाणी या माणसाने काड्या उचलल्याच नाहीत, ब्रश घेतले. ब्रश म्हणजे तारांचा पंखा असतो, डाव्या हाताने तो स्नेअरच्या खरखरीत चामड्यावर गोल गोल फिरवत ठेवायचा आणि उजव्या हाताने मधेमधे हलके टिपके द्यायचे, केरसुणीने शेणसारवलेलं अंगण झाडल्यासारखा एक सलग आवाज येतो. शेजारच्या टेबलावरचं बोलणं नीट ऐकू येत होतं, इतकं हळू वाजवत होता, आणि तरी लय एक केसभर सुटत नव्हती. जोरात वाजवताना लय धरून ठेवणं सोपं असतं, आवाज खाली आणला की भल्याभल्यांची लय पण खाली येते, तबलेवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. बास ड्रमवरही पाय इतका हलका की तो ठोका ऐकू येत नव्हता, टेबलावर ठेवलेल्या हाताला लागत होता.

मग त्यांनी एक मांडो घेतला, म्हणजे गोव्याचं जुनं कोकणी गाणं, संथ, सहा मात्रांचं. ड्रमरने स्नेअरच्या खालच्या तारांचा खटका सोडला त्यामुळे ती चर्र गेली, गाण्याच्या आधी किल्लीने फ्लोअर टॉम बास गिटारच्या सुरात लावून घेतलाच होता, आणि मांडो संपवून त्याच्यामागून येणाऱ्या जलद दुलपदावर आल्यावर उजव्या तळहाताने टॉम वाजवत डाव्या कोपराने चामडं दाबायला लागला. दाबलं की सूर वर, सोडलं की खाली. घुमट या गोव्याच्या मातीच्या वाद्याचं मागचं तोंड हाताने झाकून उघडून जो हुंकार काढतात ना, थेट तोच! ज्याचं बालपण चवथीला घुमट आरत्या ऐकत गेलंय त्याच्या अंगावर काटा येणारच. आणि हे चालू असताना डावा पाय हायहॅटवर कासाळ्यासारखा, म्हणजे घुमटासोबतच्या झांजेसारखा, टिंग टिंग चालूच. पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं असायचं, कायद्याने बंदी आल्यावर बकऱ्याचं आलं, 2019 मध्ये गोवा सरकारने त्याला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीरही केलं. पण कलकत्ता ते चंदीगड टूर करणारा माणूस ते आपल्या हातात जपून आहे हे बघून मला फार बरं वाटलं.

काका जेवायचं थांबवून बोटांवर मात्रा मोजत होते. नंतर म्हणाले, "चार हातापायांनी चार गोष्टी करतो रे हा, आणि समेवर बरोबर येतो." मग घरी येईपर्यंत गोव्याचे जुने तबलावादक खाप्रूमाम पर्वतकरांच्या गोष्टी, दोन हातांत दोन ताल आणि पायात तिसरा, गोव्यातल्या प्रत्येक तबलेवाल्याने लहानपणी ऐकलेल्या. काकांनी ड्रमवाल्याबद्दल बोलताना खाप्रूमामांचं नाव काढलं यापेक्षा मोठी पावती माझ्याकडे नाही.

ब्रेकमध्ये त्याच्याशी थोडं बोललो. अगदी साधा माणूस, कोकणीतच बोलला. एवढं सगळं टूरवर का वाजवत नाही विचारलं, तर म्हणाला तिथे गाण्याला याची गरज नसते, आणि तिकडे कानात क्लिक असतो तर इकडे कानात बासवाला असतो, दोन्हीकडे ऐकायचंच काम. टूरच्या त्या साध्या ठेक्याबद्दल त्याच्या मनात जराही कमीपणा नाही, हे मला सगळ्यात आवडलं.

मालकांना दोन विनंत्या. एक, फळ्यावर तिन्ही वादकांची नावं लिहा, ड्रमरचं तर लिहाच. दुसरं, बारवरचा क्रिकेटचा टीव्ही म्युझिक चालू असताना बंद ठेवा, तो बरोबर त्याच्या डोक्यावर आहे आणि लोकांची नजर तिकडे जाते.

जाणाऱ्यांसाठी: साडेसातच्या आत पोचा, नंतर जागा मिळत नाही. आत शिरल्यावर डावीकडची भिंतीलगतची टेबलं मागा, उजवीकडून खांब आड येतो आणि त्याचे हात दिसत नाहीत. दहाला म्युझिक बंद होतं, त्यामुळे ऑर्डर लवकर देऊन टाका. आणि जायच्या आधी फोन करून विचारा तो आहे की टूरवर गेलाय, कारण तो नसला की बदली माणूस येतो आणि तो काड्यांनीच वाजवतो.