घरी जोडलेला एलएम३८८६ अॅम्प: एक अख्खा पावसाळा काढल्यावर

आवाजाबद्दल तक्रार नाही हे आधीच सांगून टाकतो. एलएम३८८६ ही अख्खा अॅम्प एका तुकड्यात असलेली चिप, नॅशनल सेमीकंडक्टरची, २०११ पासून ती कंपनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सकडे, आणि इतक्या लोकांनी हिच्यावर अॅम्प जोडलेत की ती वाजते कशी ह्यावर माझ्याकडे नवीन काही नाही. मला लिहायचंय ते आपल्या गोव्यातल्या हवेत आणि आपल्या लाईनवर हा डबा टिकला कसा त्याबद्दल. गेल्या दिवाळीच्या सुमाराला जोडून झाला, तेव्हापासून जवळजवळ रोज संध्याकाळी चालू, आता चतुर्थीपण होऊन गेली. घर फोंड्याच्या बाजूला, भिंती चिऱ्याच्या, वर नळे म्हणजे कौलं, म्हणजे जुलैत बाहेर जेवढी दमट हवा तेवढीच घरात.

आत काय आहे ते पटकन. चॅनलला एक चिप, गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा होतो ते, २३ पट (ह्या चिपला १० च्या खाली गेन देऊ नये, ऑसिलेट होते, म्हणजे आपोआप कंप घ्यायला लागते), आउटपुटला डेटाशीटमध्ये आहे तसंच २.७ ओमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ३०० व्हीएचा टोरॉइड (गोल कड्याचा ट्रान्सफॉर्मर), एसीचं डीसी करणारा ३५ अँपियरचा ब्रिज, दोन्ही रेलवर (चिपला मिळणाऱ्या प्लस आणि मायनस डीसी लाइनी) १०,००० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर, आणि स्पीकरसाठी यूपीसी१२३७ वाला प्रोटेक्शन बोर्ड, त्यातला रिले (विजेवर चालणारा स्विच) स्पीकर जोडतो-तोडतो. स्पीकर ८ ओमचे, काकांनी गल्फातून आणलेले.

ट्रान्सफॉर्मरवर मात्र मी पुष्कळ डोकं घातलं आणि आता वाटतं बरं केलं. वाइंडिंगवाला म्हणत होता २४-०-२४ घ्या, सगळे तेच नेतात. आता हिशेब बघा, २४ ला १.४१४ ने गुणलं की ३४ व्होल्ट, पण टोरॉइडवर लोड नसताना थोडं जास्तच मिळतं, आणि आमच्याकडे रात्री उशिरा लाईन २३० ची २५० होते, ते सगळं धरलं की रेल ३९ च्या आसपास जाते. दोन्ही मिळून ७८, आणि चिपची मर्यादा ८४. चालतं, पण मग हातात उरलं काय? म्हणून २२-०-२२ गुंडाळून घेतला, तो रात्री कितीही चढला तरी ३६ च्या खाली राहतो, आणि वाजवताना ३० च्या आसपास. त्यात चॅनलला साधारण ४० वॅट निघतात.

हा ४० आकडा ऐकून शेजारचे काका खूप हसले. "कितले वॅट म्हणालो बाबू? चाळीस?" त्यांच्या मुलाकडे सी५२००-ए१९४३ ट्रान्झिस्टरच्या जोड्या लावलेला मोठा बोर्ड आहे, जत्रेत वाजवतो, त्याला ते ठीकच आहे. पण ४० चे ८० केले तरी वाढतात फक्त ३ डेसिबल, कानाला थोडंसंच जास्त, आणि हॉलमध्ये नेहमीच्या आवाजाला माझे स्पीकर दोन वॅटसुद्धा खात नसतील. बॉक्सवर पीएमपीओ म्हणून लिहिलेले फुगवलेले आकडे वाचून वाचून आपल्या लोकांना वॅटचा अंदाजच राहिलेला नाही.

चिप कुठून घेतली हे बरेच जण विचारतात. इथे दुकानात टीडीए२०३० आणि ४५५८ ह्या साध्या चिप लगेच मिळाले, ही नाही मिळाली. ऑनलाइन एका ठिकाणी इतकी स्वस्त दिसली की किंमत बघूनच सोडून दिली, शेवटी मुंबईतल्या भावाला लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात पाठवला. ह्यात बनावट माल भयंकर आहे. आणि एक लक्षात ठेवा, ही चिप टी आणि टीएफ अशा दोन पॅकेजमध्ये येते, नुसत्या टीमध्ये मागचा धातूचा पत्रा मायनस रेलला जोडलेला असतो, टीएफमध्ये तो झाकलेला असतो. टी असेल तर चिप आणि हीटसिंकच्या मधे वीज अडवणारा मायका घालायचाच, आणि वीज देण्याआधी हीटसिंक आणि मायनस रेलमध्ये मल्टिमीटर बीप करतो का ते बघायचं, करता कामा नये.

पहिल्यांदा चालू करताना सिरीजमध्ये बल्ब लावायचा, हे न करता कोणी डायरेक्ट प्लग घालत असेल तर त्याला माझा लांबूनच नमस्कार. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला की समजायचं आत शॉर्ट नाही. पण त्याला जुना तारेचाच बल्ब लागतो, एलईडी चालत नाही, आणि तारेचा बल्ब आता मिळतो कुठे? मला शेवटी पोल्ट्रीवाल्याकडे मिळाला, पिल्लांना ऊब द्यायला ते अजून वापरतात. नंतर स्पीकर न लावता डीसी ऑफसेट, म्हणजे गाणं नसताना आउटपुटला राहणारा डीसी व्होल्टेज, मोजला, एका चॅनलला १२ मिलिव्होल्ट, दुसऱ्याला १८, म्हणजे निवांत. बंद केल्यावर लगेच आत हात घालू नका, कपॅसिटर भरलेलेच असतात, मी दोन्ही रेलवर ते रिकामे करायला २.२ के चे ब्लीडर रेझिस्टर टाकलेत तरी मिनिटभर थांबतोच.

हम्म आवाज. फोन लावला की पूर्ण शांत, टीव्ही लावला की घूंऽऽ. चार दिवस सगळे मला ग्राउंड परत जोड म्हणून सांगत होते, पण कारण सेट टॉप बॉक्सला येणाऱ्या केबलमध्ये होतं, ती केबल काढली की घूं बंद. केबलचं अर्थिंग वेगळं, घराचं वेगळं, आणि दोघांच्या मधे माझा अॅम्प, म्हणून लूप. टीव्हीपासून ऑप्टिकल वायर घेतली, मधे छोटा डॅक (डिजिटलचा साधा ऑडिओ सिग्नल करणारा डबा), विषय संपला, कारण ऑप्टिकलमधून वीज जातच नाही. काही लोक अशा वेळी प्लगची अर्थची पिन काढून टाकायला सांगतात. पत्र्याचा डबा आहे हो, आत २३० व्होल्ट आहेत, घरात मुलं फिरतात. अर्थ काढायचा नाही म्हणजे नाही.

आता पावसाळा. चिपना काहीच झालं नाही, भोगलं ते बाकीच्या किरकोळ सामानाने. ऑगस्टमध्ये डावा चॅनल बारीक व्हायला लागला, आवाज जरा वाढवला की खट करून परत ठीक. कोणीही म्हणेल चिप गेली, पण तो रिलेचा कॉन्टॅक्ट होता, ओलीने काळा पडलेला. सील नसलेला रिले होता, बदलून सीलवाला घातला, तेव्हापासून त्रास नाही. व्हॉल्यूमचा पॉट (फिरवायचा कंट्रोल) खरखरतो, तो अजून तसाच आहे, स्प्रे मारला की पंधरवडाभर बरा असतो. फ्यूज होल्डरच्या क्लिपवर हिरवं आलं होतं ते घासून काढलं. आणि भोकांना आतून बारीक जाळी मारून घ्या, आमच्याकडे उबेला मुंग्या आणि पाली दोन्ही येतात, ३० व्होल्टवर बसलेली पाल नंतर कोणी काढायची? रोज तासभर चालू ठेवला तर आतलं सगळं गरम होऊन ओल धरत नाही, जुलैत गावाला गेलो तेव्हा बंद होता आणि आल्यावर उघडला तर कुबट वास.

उन्हाळ्याचं उलटं. पूर्ण लोडवर एक चिप २३ वॅटच्या आसपास उष्णता सोडू शकते, मे महिन्यात खोलीच ३४ डिग्री असते, म्हणून हीटसिंक डब्याच्या बाहेर आणि पाती उभी ठेवली, हात टेकवून ठेवता येतो इतपतच तापतो. मेच्या शेवटी गडगडायला लागलं की प्लग बाहेर, तिथे कुठल्याही एमओव्हीवर (व्होल्टेजचा झटका अडवणारा भाग) माझा भरवसा नाही. वीज जाऊन-येऊन असते तेव्हा प्रोटेक्शन बोर्डची खरी किंमत कळते, परत आली की दोन-तीन सेकंद थांबून मगच रिले लागतो, स्पीकरला धप्प बसत नाही.

वाजतं कसं ते दोन ओळींत. अभिषेकीबुवांच्या जुन्या मैफिलींत तंबोरे मागे स्वच्छ वेगळे ऐकू येतात, आधीच्या २.१ सेटवर ती नुसती गुणगुण होती. चतुर्थीला भावाने आमच्या आरतीचं रेकॉर्डिंग केलं, त्यात घुमटाचा खालचा ठोका आणि कासाळ्यांची झणझण एकमेकांत मिसळत नाहीत. आईचं म्हणणं एकच, ह्याला रिमोट का नाही.

तुमचे स्पीकर ४ ओमचे असतील तर माझा २२-०-२२ उचलू नका. डेटाशीटमध्ये ४ ओमला ६८ वॅट दिलेत ते २८ व्होल्टच्या रेलवर, त्याच्या वर गेलात तर मोठ्या आवाजाला चिपचं आतलं प्रोटेक्शन मधेच पकडतं आणि तडतड ऐकू येते. पुतण्याला असाच एक करून हवाय, त्याचे ४ ओमचे आहेत, त्याच्यासाठी वाइंडिंगवाल्याला १८-०-१८ सांगून ठेवलाय.